विशाखाचा सेट

१ जून, रविवार. सकाळी ७.३०
आजपासून शिस्त. पूर आला, मोबाइल बंद पडले, की जिल्ह्याला आम्ही हॅम रेडिओवालेच. स्वयंसेवक एकवीस. दर रविवारी सातची रेडिओवरची हजेरी आता सगळ्यांना सक्तीची. आज पाच जण बोलले. सुरुवात उत्तम.
सिल्लोडहून विशाखा बोलली. माझी मुलगी म्हणून नाही, पण सगळ्यात स्पष्ट आवाज तिचाच. 'हजर, ओव्हर.' वर्षभर आमचं बोलणं एवढंच. तिनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं म्हणून मी गेलो नाही, असं लोक म्हणतात. साफ खोटं. त्या दिवशी मॉक ड्रिल होतं. तारीख मीच ठरवली होती, ते सोडा.

८ जून, रविवार
चौघं. हजेरीतच विशाखा म्हणाली, पप्पा, तुम्ही आजोबा होणार, घरी येऊ का? ओव्हर.
तिथंच थांबवलं. नियम चौथा : हजेरीत घरगुती बोलणं नाही. ती म्हणाली, समजलं, ओव्हर. 'ओव्हर' म्हणजे उत्तराची वाट बघतेय. बोलणं संपलं की 'आउट'. मी स्वतः शिकवलेल्या मुलीनं ही चूक करावी!

१५ जून, रविवार
विशाखाचं उत्तर नाही. तीनदा पुकारलं. तिचा अँटेना ढिला असणार.

२२ जून, रविवार
उत्तर नाही. सेटच बिघडलाय. करुणा म्हणाली, फोन लावा की पोरीला. आता बायकोला काय सांगणार? आपत्तीत फोन बंद असतात.
पिशोरच्या रामकिसनला म्हटलं, सिल्लोडला जाशील तेव्हा तिचा सेट रिपेअरला घेऊन ये. म्हणाला, सर, सेट कशाला, तुम्हीच चला, गाडीत जागा हाय. म्हटलं, रविवारी हजेरी कोण घेणार? तो मंगळवारी जाणार होता.

२५ जून, बुधवार
सेट आला. निरोप काही? काही नाय सर, चहा पाजला. तुमची बीपीची गोळी चालू हाय का, तेवढं विचारलं.
सेट तपासला. बॅटरी फुल. अँटेना घट्ट. चॅनल आपलाच. बिघाड सापडत नाही. बारीक असणार.

२९ जून, रविवार. ७.१५
टेस्ट म्हणून तिचा सेट चालू केला. दोन सेट शेजारी ठेवले की शिट्टी वाजते, म्हणून तो स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवला. हजेरीला दोघं. सवयीनं विशाखालाही पुकारलं. तीनदा.
ओट्यावरून माझाच आवाज आला, खणखणीत. विशाखा, उत्तर नाही. पुढे.
दोन रविवार ती हे ऐकत बसली होती. करुणानं गॅस बंद केला आणि माझ्याकडे बघत राहिली. मला रडू आवरेना.
रजिस्टरमध्ये लिहिलं : विशाखाचा सेट ठीक आहे.