चाकावरचं खडूचं वर्तुळ

प्रिय वेंडेल,

हे पत्र बाहेरच्या टेबलावर, तुझ्या कॉफीच्या किटलीखाली ठेवते आहे. काल तू माझ्या तोंडावर दार लावून घेतलंस, आणि ते दार पुन्हा वाजवायची माझी इच्छा नाही. सत्तरी उलटलेल्या बाईलाही काही मान असतो. पण उद्या सकाळी तू गाडीमागे राहता ट्रेलर जोडून नातीच्या लग्नाला मोंटानाला निघणार, बाराशे मैल, आणि त्याआधी हे तू वाचलंच पाहिजेस. शेवटपर्यंत वाच. तुझी सवय मला ठाऊक आहे, औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा तू अर्धंच वाचतोस.

काल सकाळी तुझ्या उजव्या मागच्या चाकावर खडूचं वर्तुळ दिसलं. मॉरीनला ते सगळ्यात आधी दिसावं हे आपलं नशीब. तिने अख्ख्या तळावर बोंब ठोकली, "वेंडेलच्या चाकावर उठलं गं बाई! काल रात्री माझ्याकडे जेवून गेला बिचारा!" बिचारा काय, जसा काही तू गेलासच. दहा मिनिटांत उरलेसुरले सगळे जमले आणि लांब उभं राहून बघत बसले. कोणी जवळ येईना. मार्च संपत आला, हिवाळ्यापुरती वाळवंटात आलेली माणसं परत निघाली, निम्मा तळ रिकामा झालाय, जिथे जिथे ट्रेलर होते तिथे नुसते वाळूचे चौकोन उरलेत, आणि त्या चौकोनांच्या मधोमध तू ओलं फडकं घेऊन एकटाच चाक पुसत होतास. मला ते बघवलं नाही. मग तू माझ्याकडे आलास आणि हळूच म्हणालास, "नडीन, थांब म्हणायचं होतं तर सरळ तोंडाने म्हणायचंस. या वयात असले खेळ?" तू वळून गेलास, मी मागोमाग तुझ्या दारापर्यंत आले. तू दार लावून घेतलंस.

तू इथे दोन हिवाळ्यांपूर्वी आलास, त्यामुळे माझ्या ऑर्व्हलला तू पाहिलेलं नाहीस. तुम्हा दोघांचं जमलं नसतं. तू सगळ्यावर हसणारा, आणि तो चाळीस वर्षं ट्रकचे टायर बदलून बदलून टायरसारखाच काळा आणि घट्ट झालेला. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्याचा आवाज गेला. त्याआधी तो सगळ्यांना कानीकपाळी ओरडून सांगायचा, की ट्रेलरचा टायर धावून मरत नाही, उभ्या उभ्या मरतो. सहा महिने उन्हात एका जागी उभा असतो, वरची नक्षी कोरी दिसते, आणि आतून रबर कुजत जातं. म्हणून नक्षी बघू नका, बाजूवर उठवलेले शेवटचे चार आकडे बघा, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पाच-सहा वर्षं झाली की काढून टाका. लोक म्हणायचे, "आला बघा टायरवाला भगत!" लबाड दुकानदार जुना टायर बसवताना ते आकडे आतल्या बाजूला करतात, म्हणून त्याने काठीला एक लहानसा आरसा बांधून घेतला होता. आवाज गेल्यावर ओरडणं बंद झालं. मग तो पहाटे निघायचा, तळावरच्या सगळ्या चाकांवरून हात फिरवायचा, आणि ज्याचा टायर मेलेला असेल त्यावर खडूने एक वर्तुळ काढायचा. माणसं समजून घ्यायची. शिव्या घालायची, पण टायर बदलायची.

तो गेला त्यानंतरच्या हिवाळ्यात डॉयल आणि जेनीव्ह हे नवीन जोडपं आलं. ऑर्व्हलला ओळखणारी बरीचशी मंडळी तोवर तळ सोडून गेली होती, काही जग सोडून. डॉयलचे टायर मला बघताक्षणी खटकले. मी आरसा काढला, आकडे वाचले, नऊ वर्षांचे होते. जाऊन सांगायला हवं होतं. पण डॉयल बायकांचं ऐकणाऱ्यातला नव्हता आणि मला नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं, कोणाच्या तोंडी लागायची ताकद नव्हती. म्हणून मी भल्या पहाटे उठले, ऑर्व्हलचा खडू घेतला आणि वर्तुळ काढून आले. हो, मीच. ते तुला कळलेलंच होतं, माझ्या बोटांना लागलेला खडू बघून तू एकदा डोळा मारला होतास आणि कोणाला बोलला नाहीस, त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आज मानते.

डॉयलने वर्तुळ पाहिलं, हसला, आणि निघाला. चाळीस मैलांवर टायर फुटला, ट्रेलर आडवा झाला, जेनीव्हचं खुब्याचं हाड मोडलं आणि त्यांचा तो म्हातारा कुत्रा गेला. मला वाटलं, आता तरी सगळे आपापल्या चाकाशी बसून आकडे वाचतील. कपाळ माझं! कोणीही वाचले नाहीत. सगळे वर्तुळालाच घाबरले. पुढचं वर्तुळ मी मॉरीनच्या चाकावर काढलं, तर तिने चाकावर चर्चमधलं पाणी शिंपडलं आणि त्या दिवसापासून ट्रेलर जागचा हलवलेला नाही. तिसरं त्या शाळामास्तर जोडप्याचं. त्यांनी मुकाट्याने चारही टायर बदलले आणि सुखरूप घरी पोचले. त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. गोष्ट सांगतात ती डॉयलची, आणि त्यात आता पहाटे चाकांपाशी वाकलेली एक काळी आकृतीपण आलीय. ती मी आहे रे. निळा झगा आणि दुखरी कंबर.

आता तुझं. तुझ्या टायरना मी कधी आरसा लावला नाही. खरं कारण सांगते. मला भीती होती, की मी आरसा लावीन आणि काहीतरी वाईट निघावं अशी माझीच इच्छा असेल. तू जाऊ नयेस असं मला वाटतं, वेंडेल. तू लग्नाला गेलास की मुलगी तुला तिथेच ठेवून घेईल, म्हातारा झालास म्हणेल, आणि पुढच्या हिवाळ्यात तुझ्या जागीही वाळूचा चौकोन असेल. हे मला रोज वाटतं. म्हणून काल तू विचारलंस तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. नाही म्हटलं असतं तर अर्धं खोटं झालं असतं.

आणि बाकीचं तर मला आरशाशिवायही दिसतं. पलंगाखाली उजव्या बाजूला तू वेचलेले जे रंगीत दगड भरून ठेवलेस ना, नातीला द्यायला, ते निदान चार माणसांचं ओझं आहे, आणि सगळं एकाच बाजूच्या चाकांवर. निम्मे तरी इथे ठेव, कोणी चोरत नाही, वाळवंटात दगडच दगड आहेत. आणि भर दुपारी उन्हात ट्रेलरच्या टायरची हवा मोजतोस, जास्त दिसली म्हणून सोडून देतोस, ते आधी बंद कर. तापलेल्या टायरमध्ये हवा जास्तच दिसणार. तू सोडलीस की सकाळी तो मऊ पडतो, मऊ टायर चालताना वाकतो, वाकून तापतो आणि फुटतो. हवा सकाळी थंडीत मोजायची, बाजूवर लिहिलीय तेवढी भरायची, आणि रस्त्यात ताशी साठ मैलांच्या वर जायचं नाही. दर थांब्याला उतरून चारही चाकांना हात लावायचा. एखादं बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर पुढे एक पाऊल नाही.

पण हे सगळं सांगायला मी पत्र लिहिलं नसतं, किटलीखाली चार ओळींची चिठ्ठी पुरली असती. आज सकाळी तू गॅसची टाकी भरायला गावात गेलास तेव्हा मी आरसा घेऊन तुझ्या त्या उजव्या चाकापाशी गेले. रबरात उठवलेले आकडे आरशात उलटे दिसतात, मला ते वाचायची सवय आहे. बाविसावा आठवडा, चौदा साल. दोन वर्षांपूर्वी नवा म्हणून घेतलेला तुझा कोरा करकरीत टायर अकरा वर्षांचा आहे. आणि त्या आकड्यांच्या शेजारी, आतल्या बाजूला, कोणीतरी तेच चार आकडे ताज्या खडूने लिहिलेत. तिथे पोचायला ट्रेलरखाली पाठीवर झोपून सरकावं लागतं. माझे दोन्ही गुडघे बदललेले आहेत, मला साध्या खुर्चीतून उठवायला तू हात देतोस. आणि ते खडूचे आकडे आरशात सरळ दिसत होते, वेंडेल. म्हणजे ज्याने लिहिले त्याने ते उलटे लिहिले. असं लिहिणारा एकच माणूस मला माहीत होता. आवाज गेल्यावर तो खाली झोपून आकडे उलटे लिहायचा, बाहेर आरसा धरून बसलेल्या मला ते सरळ वाचता यावेत म्हणून. हे आम्हा दोघांशिवाय कधीच कोणाला ठाऊक नव्हतं. ऊन डोक्यावर येईपर्यंत मी तिथे उभी होते. पहिली तीन वर्तुळं माझी होती. तुझ्या चाकावरचं मी काढलेलं नाही. माझ्यावर रागाव, लग्नाचे फोटो पाठवू नकोस, परतही येऊ नकोस हवं तर, पण चारही टायर बदलल्याशिवाय इथून हलू नकोस. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण टायरच्या बाबतीत ऑर्व्हल आयुष्यात एकदाही चुकला नव्हता.

काही झालं तरी तुझीच,
नडीन