मुलीचा रकाना

प्रिय खारू,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धड आहेत. आजींचा गुडघा जागेवर आहे, बाबांचा खोकला उतरलाय. फोन केला असता तर मी 'जेवलीस का' एवढं विचारून, पुढचं काही सुचायच्या आत ठेवून दिला असता, हे तुलाही माहीत आहे. म्हणून लिहायला बसले. बसले म्हणजे काय, चौथ्यांदा बसले. एकदा दूध बघायला उठले, एकदा दार वाजल्यासारखं वाटलं म्हणून, आणि एकदा उगाचच. सकाळी देवापुढेही तेच. माळेचे मणी बोटांतून सरकत राहतात आणि मी कितव्या मण्यावर आहे ते मलाच कळत नाही. तुला जाऊन आज वीस दिवस झाले. 'गेलीस तर फोन करू नकोस' असं बाबा म्हणाले आणि तू तो शब्द तंतोतंत पाळलास. लहानपणी भांडी घासायला सांगितली की तीनतीनदा ऐकू यायचं नाही तुला. नको तिथे आज्ञाधारक झालीस.

तू जायच्या आदल्या दिवशी टीव्ही कंपनीची ती बाई आली होती ना, चपला आत घालून येऊ का विचारणारी? आपलं घर पाहणीसाठी निवडलंय म्हणाली आणि पिवळी वही देऊन गेली. थंडी सुरू होताना दरवर्षी रानातल्या प्राण्यांचा कार्यक्रम लागतो, तीन आठवडे, साडेसातला. तो घरातल्या कुणी किती वेळ पाहिला आणि पाहून काय वाटलं, ते रोज लिहायचं. प्रत्येकाचा वेगळा रकाना. तिने विचारून विचारून वर लिहिलं, आजी, वडील, आई, मुलगी. पानाच्या तळाशी बाबांची सही. तू तिला म्हणालीस, 'अगदी योग्य घरी आलात. आमची आई काडेपेटीतल्या काड्यांचीसुद्धा नोंद ठेवते.' दुसऱ्या दिवशी, रविवारी, तुम्हा बापलेकींचं वाजलं आणि तू बॅग उचललीस. सोमवारी कार्यक्रम सुरू झाला.

यंदा घुबडं होती. एका बंद पडलेल्या गिरणीच्या माळ्यावर गव्हाणी घुबडाचं जोडपं, त्यांची चार पिल्लं आणि वर लपवलेला कॅमेरा. आजी पहिल्या दिवशी 'दिवेलागणीला घुबड बघायचं? माझ्या घरात?' म्हणत पाठ करून बसल्या. पाठ इकडे, पण कान तिकडे. बुधवारी खुर्ची फिरली. पुढच्या आठवड्यात तर सव्वासातलाच चष्मा पुसून तयार, आणि मलाच ओरडायला लागल्या, 'अगं, स्वयंपाक मग कर, ती उठली असतील.' त्यांचे शब्द मी जसेच्या तसे लिहिले: 'बाप बरा आहे. आईला शिस्त नाही.' बाबा लिफ्टच्या कामांवरून दमून येतात, पाय वर घेऊन बघतात. 'आधी त्या निवेदकाची दाढी कापा' एवढंच त्यांचं मत, तेही लिहिलं. समोरची शिवणवाली 'आमचा टीव्ही बिघडलाय' म्हणून रोज आपल्याकडे येऊन बसते. तिला रकाना नाही, पण मतं सगळ्यांत जास्त तिचीच.

तुझ्या रकान्यात पहिल्या दिवशी मी रेघ मारली. ती रेघ रात्रभर डोळ्यांत खुपत राहिली. दुसऱ्या दिवशी तिथे पेन टेकवलं आणि हात आपोआप लिहून गेला, 'पूर्ण वेळ पाहिलं. निवेदक फार बोलतो, जरा घुबडांना बोलू द्या.' असंच म्हणाली असतीस ना? तिसऱ्या दिवशी लिहिलं, 'मोठं पिल्लू डावा पाय आखडून घेतं, तिकडे कुणाचंच लक्ष कसं नाही?' लिहिताना तुझा आवाज कानात यायचा, खोटं नाही सांगत. म्हणजे खोटंच सांगत होते. आजवर माझ्या कुठल्या वहीत एक अक्षर खोटं नाही, आणि इथे रोज एक ओळ. देवाला सांगायची, उद्यापासून नाही. उद्या पुन्हा लिहायची. बाबा खाली सही करायचे. वाचून करायचे की न वाचता, ते कळत नव्हतं आणि विचारायची छाती नव्हती.

दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला तिकडे वादळी वारा सुटला. मोठी घुबडं शिकारीला जाईनात. सगळ्यांत धाकटं पिल्लू उपाशीपोटी निपचित पडलं. कार्यक्रमाच्या शेवटी प्रेक्षकांची पत्रं वाचून दाखवतात, शुक्रवारी तर काय एकेक पत्रं! एका निवृत्त सैनिकाने लिहिलं, गिरणीचा पत्ता द्या, मी उंदीर घेऊन येतो. एका शाळेच्या अख्ख्या वर्गाने सह्या करून कॅमेरावाल्याला निर्दय म्हटलं. एका बाईंनी लिहिलं, मोठ्या पिल्लाला वेगळं ठेवा, ते धाकट्याला खाईल. शिवणवाली पदराला नाक पुसत म्हणाली, 'मेल्यांना आया आहेत की नाहीत?' आणि तो दाढीवाला शांतपणे सांगतो, 'आम्ही फक्त बघतो. मध्ये पडायचं नाही, हा आमचा नियम आहे.' माझं डोकंच फिरलं. मी मोठ्याने म्हणाले, 'बघतोस काय नुसता? एवढं समोर दिसतंय ना तुला?' आजींनी माझ्याकडे बघितलं. बाबांनी बघितलं नाही.

आणि मला तो रविवार दिसला. तू म्हणत होतीस, मला बाबांनी बघितलेली ऑफिसची नोकरी नको, मला जनावरांच्या दवाखान्यात काम मिळालंय. बाबा म्हणत होते, मी साहेबांपाशी शब्द टाकलाय, तू माझं नाक कापणार, आणि शेण काढायलाच एवढं शिकलीस का. तुझं बरोबर होतं. मला तेव्हाच ठाऊक होतं. तू एकदा वळून माझ्याकडे बघितलंस. मी झाऱ्यातलं तेल निथळवत उभी होते. निथळून झालं होतं, तरी निथळवत होते.

त्या शुक्रवारी मी कार्यक्रम टाकून आत गेले. वही उघडलीच नाही. सकाळी उघडली तर पान भरलेलं. बाबांचं अक्षर, ते दुरुस्तीच्या अहवालात काढतात तसं, सुटं सुटं. 'आजी: पूर्ण पाहिलं. आई: मधूनच उठली.' आणि त्यापुढे, 'मुलगी: शेवटपर्यंत पाहिलं. जेवली नाही. पिल्लू वाचेल का, असं दोनदा विचारलं.' खाली नेहमीसारखी सही. ते दाराशी बुटाचे बंद बांधत होते. मी वही मिटून जागेवर ठेवली. तेव्हापासून एक दिवस ते लिहितात, एक दिवस मी. एकदा तर माझी ओळ खोडून त्यांनी वर दुसरी लिहिली, जास्त फटकळ. खरंच तुझ्यासारखी होती. पिल्लू वाचलं, बरं का. वारा पडला, मोठ्या पिल्लाने आपल्या वाट्याचा उंदीर धाकट्यापुढे सरकवला. निम्म्या प्रेक्षकांनी आनंदाने पत्रं धाडली, निम्म्यांनी लिहिलं की हे सगळं ठरवून केलंय. आजींनी टाळ्या वाजवल्या.

काल शेवटचा भाग झाला. गुरुवारी ती बाई वही न्यायला येईल. तिला मी खरं काय ते सांगणार आहे, पानं फाडायची तर फाडू दे. पण वहीच्या शेवटच्या पानावर एक प्रश्न आहे: 'पुढच्या वर्षी हा कार्यक्रम आपल्या घरी कोण कोण पाहणार?' आजी म्हणाल्या, 'देवाने ठेवलं तर मी पहिली.' आम्ही दोघांनी आपापलं लिहिलं. मग तुझा रकाना आला. मी पेन बाबांपुढे धरलं. त्यांनी ते घेतलं, दोनदा टोपण लावलं, काढलं, आणि परत माझ्या हातात देऊन म्हणाले, 'हे आपण कसं लिहायचं? तिला विचार.' वीस दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून तुझा विषय निघाला. तेवढ्याने मला बळ आलं आणि मी त्यांच्या तोंडावर म्हणाले, 'त्या दिवशी तिचं बरोबर होतं.' आज सकाळी टेबलावर तिकीट लावलेलं पाकीट होतं, त्यावर तुझा पत्ता त्यांच्या अक्षरात. तो त्यांना कुठून मिळाला, ते मी विचारलं नाही. तर खारू, विचारायला सांगितलंय म्हणून विचारते. बुधवारपर्यंत कळव. नाही म्हणालीस तर तसं लिहीन, या वेळी मनचं घालणार नाही. फोन केलास तर मात्र तो मीच उचलेन असं धरून चालू नकोस. आज बाबा कामाला गेलेले नाहीत आणि सकाळपासून फोनशेजारीच काहीतरी दुरुस्त करत बसलेत.

बुधवारपर्यंत अशीच उठबस करणारी,
तुझीच
आई