शेवटच्या आवृत्तीतला खोकला

शनिवार, १४ जून, सकाळ

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तू बरा असशील, वेळेवर जेवत असशील, असं मी आपलं समजून चालते. इकडे आम्ही दोघं मजेत.

आता बातमी ऐक, आणि खुर्चीत नीट बसून ऐक! आपल्या ‘वाचक’चं शेवटचं रिलीज ठरलं. बाबांची नजर गेली तेव्हा त्यांना पडद्यावरचं वाचून दाखवायला आपण केलेला प्रोग्रॅम. कुणीही फुकट न्यावा, उघडून बघावा, दुरुस्त करावा म्हणून जगाला देऊन टाकलेला. म्हातारा झाला रे आता. नवे कॉम्प्युटर त्याला दारात उभंही करत नाहीत. या दुरुस्तीने तो आणखी थोडी वर्षं निभावेल, तोवर लोक दुसरीकडे बस्तान हलवतील. मी कंबर कसली आहे. साठलेल्या तक्रारींचा फडशा पाडतेय, गाणी गुणगुणतेय, या नादात दूध दोनदा उतू गेलं!

एक तक्रार मात्र उगाच मिटवली. आठवतं, ‘वाचक’मध्ये तुझा आवाज भरताना शांतता मिळेना म्हणून तू कपड्यांच्या कपाटात डोकं घालून बोलला होतास आणि डांबरगोळ्यांच्या वासाने बेजार झाला होतास? पान संपलं की तुझा तो बारीक खोकला अजून ऐकू येतो. मी तो काढला. दुसऱ्याच दिवशी बाबा हातातला चहा ठेवून ओरडले, “खोकला कुठे गेला?”

“चूक होती बाबा, काढली.”

“कोणाला विचारून? पान संपलेलं मला कळायचं कसं?”

मुकाट्याने परत घातला.

ते तुझं नाव घेत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. तू कंपनीत गेलास, तिथे असाच प्रोग्रॅम विकू लागलास, आणि त्यांनी तुला नको नको ते सुनावलं. पण त्यानंतर मी त्यांना किती गोड गोड नवे आवाज आणून दिले! एकाला दाद दिली असेल तर शपथ.

आता कामाचं. सुरू होताना प्रोग्रॅमने एवढंच बोलायचंय: ‘ही शेवटची आवृत्ती. इथवर सोबत राहिलात, आभार.’ तुझ्याच जुन्या आवाजाचे तुकडे जोडून मी ते तयार केलं आणि बाबांना ऐकवलं. ते म्हणाले, “हे मशीन बोललं. त्याला बोलाव.”

“रेकॉर्ड करून पाठव म्हणू का?”

“कपाट इथे आहे,” म्हणाले.

धाकट्या, इतका वेळ मी रिलीजचं तुणतुणं वाजवत बसले, कारण हे लिहायचा धीर होत नव्हता. तू नाही म्हणालास तर त्यांना काय सांगू? ते पुन्हा विचारणार नाहीत. मी ओळखते त्यांना. म्हणून ये. रिलीज तुझ्यासाठी थांबवलंय.

काल त्यांनी कपाटातले सगळे कपडे स्वतः चाचपडत नीट लावले. डांबरगोळ्या मात्र एकूण एक वेचून फेकून दिल्या.

माझ्याहून जास्त वाट बघणाऱ्याच्या शेजारी बसून लिहिणारी,
तुझी ताई