उन्हात न गेलेला धागा

१४ मार्च, दुपारी तीन

प्रिय आत्या,

नमस्कार. गुडघा कसा आहे म्हणून विचारलं की तू "जागेवर आहे" म्हणतेस, तेव्हा विचारत नाही. मी बरी आहे. वेळेवर जेवते. खिडकीतलं रोप जगलं.

मी दिवसभर काय रंगवते, असं तू विचारलं होतंस. पेशी रंगवते, जिवंत. आम्ही एक रंग घडवला आहे. निळा प्रकाश पडला की तो हिरवा उजळतो. खोलीत अंधार करून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. पेशीच्या आत बारीक तंतू तरंगत असतात, तुटतात, पुन्हा जुळतात, कुणी झोपेत सूत कातावं तसे. पाहता पाहता मला माझं नावही आठवेनासं होतं. तुझ्या रंगवलेल्या सुताच्या लडी वाळत असायच्या आणि मी खाली उताणी पडून राहायचे, अगदी तसंच.

या रंगाने पेशीला इजा होत नाही, असा आमचा लेख आज पाच वाजता छापायला जाणार आहे. पुढे लोक तो रंग माझ्या शब्दावर वापरतील.

आत्या, शाळेच्या आधी तू मला रंगाच्या हौदाशी बसवून शिकवलंस. प्रत्येक लडीसोबत एक कोरा धागा. त्याला तेच उकळणं, तेच ऊन, फक्त रंग नाही. सूत विरलं तर दोष उन्हाचा की रंगाचा, ते तो सांगतो. एकदा मी तो विसरले आणि मागाहून गुपचूप बांधला. तू बोटांत धरून म्हणालीस, "हा उन्हात गेलाच नाही गं, भागूबाई." बस, एवढंच. रागावली असतीस तर मी विसरून गेले असते.

लेखासाठी चित्रं घेतली त्या दिवशी शेवटी शेवटी पेशी आक्रसून मेल्या. निळ्या दिव्यानेच मेल्या असतील, असं मी धरून चालले. वहीत लिहिलं, 'बिनरंगाच्याही मेल्या.' बिनरंगाच्या मी ठेवल्याच नव्हत्या.

या सोमवारी ठेवल्या. तोच दिवा, तेवढाच वेळ. बिनरंगाच्या सगळ्या जगल्या. रंगवलेल्या मेल्या.

कुणाला बोलले नाही. काल आमच्या प्रयोगशाळेचे सर सगळ्यांसमोर म्हणाले, "हिच्या वहीवर मी डोळे मिटून सही करतो." सगळे हसले. मीही हसले.

साडेचार होत आले. जुनी ओळ खोडून काढली नाही. तिच्यावर एक रेघ मारली आणि खाली आजची तारीख घालून खरं ते लिहिलं. आता वही घेऊन सरांकडे जाते. पत्र वाटेतल्या पेटीत आधी टाकते, म्हणजे दारातून परत फिरले तरी तुला कळलेलं असेल.

आमच्या पोरीच्या रंगाने मुंगीलाही धक्का लागत नाही, असं तू सगळ्यांना सांगत असतेस ना? आता सांगू नकोस.

तुझी,
उन्हात निघालेली
भागूबाई