भिंतीवरच्या चित्रांची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, व्यवसाय दातांची डॉक्टर (निवृत्त, तरी ओळखीचे लोक अजून भर रस्त्यात 'आ' करून दाढ दाखवतात), आज सकाळी नाश्ता करून, रक्तदाबाची गोळी घेऊन, पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने हे लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. तसा प्रयत्न धाकट्या भावाने करून पाहिला, त्याचा समाचार कलम सहामध्ये घेतला आहे. याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. केल्याचं कोणी दाखवलंच तर ते खोटं समजावं, आणि त्यातलं अक्षर वाचता येत असेल तर हमखास खोटं समजावं.

चित्रकारांची खरी नावं आणि पत्ते सोबतच्या परिशिष्टात अक्षर न् अक्षर तपासून दिले आहेत. इथे मात्र मी त्यांना एरवी जशी हाक मारते तशीच मारणार आहे. वकीलसाहेबांना हे पसंत नाही, पण मृत्युपत्र माझं आहे.

कलम १. राहतं घर, आतल्या भांड्याकुंड्यांसह, माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावं. स्वयंपाकघरातली खिडकी लागत नाही. जावईबापूंनी ती दुरुस्त करू नये. त्यांनी ती एकदा केली आहे, म्हणूनच ती लागत नाही.

कलम २. बँकेतली शिल्लक मुलगी आणि सिस्टर यांना निम्मीनिम्मी मिळावी. सिस्टर म्हणजे माझ्या दवाखान्यात एकतीस वर्षं मदतनीस असलेल्या बाई. त्या नर्स नव्हेत आणि माझी बहीणही नव्हेत, पण वाद घालायची वेळ येते तेव्हा सख्ख्या बहिणीहून कमी पडत नाहीत.

कलम ३. दवाखान्यातली खुर्ची, दिवा, आरसे, चिमटे आणि बाकीची हत्यारं माझ्या हाताखाली शिकलेल्या डॉक्टरीणबाईंना द्यावीत. अट एकच. पेशंटच्या तोंडात बोळे कोंबून मग त्याला प्रश्न विचारायचे नाहीत. ही खोड मला जन्मभर सुटली नाही.

कलम ४. आता मुख्य इस्टेट, म्हणजे चित्रं. लहानमोठी मिळून एकशे चौदा. ती कशी आली ते सांगितल्याशिवाय वाटणी कोणाला पटायची नाही.

बावीस वर्षांपूर्वीपर्यंत माझ्या प्रतीक्षाखोलीच्या भिंतीवर दोनच गोष्टी होत्या, औषध कंपनीचं कॅलेंडर आणि किडलेल्या दाढेचा उभा छेद दाखवणारा तक्ता. तक्ता इतका हुबेहूब होता की तो बघून दोन माणसं नंबर यायच्या आधीच घरी निघून गेली होती. एका दुपारी सिस्टर आत आल्या.

"मॅडम, ती सुजलेल्या गालाची मुलगी आहे ना, तिने केसपेपरच्या मागे रेघोट्या मारून ठेवल्यात. फाडून टाकू?"

मी कागद हातात घेतला. बाहेर बसलेली माणसं होती. एका गृहस्थांनी टेलिफोन धरावा तसा गाल धरला होता. शेजारच्या बाईंनी नवऱ्याचा हात धरला होता, पण प्रेमाने नव्हे, तो पळून जाऊ नये म्हणून. आणि नोंदवहीमागे खुद्द सिस्टर, निकाल द्यायला बसलेल्या न्यायाधीशासारख्या.

"हे माझं नाक?" सिस्टर फणकारल्या. मग बराच वेळ बघून म्हणाल्या, "आहे खरं."

मुलीची अक्कलदाढ आडवी आली होती. ती काढली, आणि तेव्हापासून आम्ही तिला अक्कलदाढच म्हणतो. तोंडात बोळा असल्यामुळे माझ्या प्रश्नांची उत्तरं तिने लिहून दिली. ती खोके छापायच्या कारखान्यात कामाला होती आणि जेवणाच्या सुट्टीत चित्रं काढायची. शेवटी तिने लिहिलं होतं: 'आम्ही बरेच जण आहोत. बघायला कोणी येत नाही.'

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. चित्रकार म्हणजे वारलेला माणूस, असाच तोवर माझा समज होता. जिवंत चित्रकार आपल्याच गावात असतात, त्यांना जिने चढावे लागतात, त्यांची दाढ दुखते, हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं. मी तक्ता उतरवला आणि तो केसपेपर तिथे लावला. आठवड्याभरात चित्रातल्या गृहस्थांची बायको ते बघायला आली, पाठोपाठ त्यांचे व्याही आले. कोणाचाही दात दुखत नव्हता.

मग दर रविवारी मी आणि आमचे हे, अक्कलदाढेने लिहून दिलेल्या पत्त्यांवर जाऊ लागलो. हे शाळेत भूमिती शिकवायचे. चित्रातलं कळत नाही म्हणायचे आणि पिशवीत ओळंबा नि मोजपट्टी घेऊन निघायचे, कारण चित्र तिरकं लागलेलं त्यांना सोसायचं नाही. अशी आम्हाला डेपोवाली सापडली. बसच्या चौकशीच्या खिडकीत बसून ती प्रवाशांच्या चित्रकथा काढायची. उसवणारा सापडला. तो कपडे उसवून दुरुस्त करायचा आणि उरलेल्या दोऱ्यांनी चादरीवर आख्खे रस्ते शिवायचा, दिव्याच्या खांबांसकट. मुकादम सापडले. बांधकामावरून निवृत्त झाल्यावर ते रबराच्या लादीवर चित्रं कोरून त्यांचे कागदावर ठसे काढायला लागले होते. त्यांच्याकडे पोचायला चार मजले चढलो. दार उघडून ते म्हणाले, "मीटर बघायला आलात का?"

"नाही, चित्रं बघायला."

ते दारातच उभे राहिले. "कोणाची?" असं त्यांनी विचारलं.

दर महिन्याला भिंत नव्या चित्रकाराची, असा नियम आम्ही केला. चित्राखाली नाव ठळक, खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या बाकावरून वाचता येईल एवढं. ज्याला चित्र हवं त्याने चित्रकाराशी परस्पर बोलावं, मी मध्ये नाही. मला आवडलेलं मीही तसंच पैसे मोजून घ्यायचे. एक आजोबा कवळी बसवून झाल्यावरही दर महिन्याच्या एक तारखेला 'जरा सैल वाटते' म्हणत यायचे. कवळी पक्की होती. ते सोफ्यावर तासभर बसून सगळं बघायचे आणि कवळी न दाखवताच जायचे.

वाटणी अशी: उसवणाऱ्याची चादर सिस्टरना, कारण ती झटकण्यावरून त्यांनी माझ्याशी आठ दिवस अबोला धरला होता. मुकादमांचे ठसे माझ्या मुलीला, तिने पूल बांधण्यात आयुष्य घालवलं आहे आणि त्यातल्या मजुरांच्या डोक्यावरच्या परातींचं वजन तिला कळेल. बाकीची सर्व चित्रं कलम सातमधल्या खोल्यांबरोबर राहावीत. अपवाद एका चित्राचा, तो पुढे.

कलम ५. हे कलम कबुलीजबाबही समजावं.

बारा वर्षांपूर्वी अक्कलदाढेने मुलांच्या एका पुस्तकासाठी चाळीस चित्रं काढली. विसरलेल्या छत्रीची गोष्ट होती. चित्रं वर्षभर खपून काढलेली. पुस्तक छापून आलं तेव्हा त्यावर एका नावाजलेल्या चित्रकाराचं नाव होतं आणि हिचं कुठेच नव्हतं. ही विचारायला गेली. प्रकाशक म्हणाले, "नवख्यांची नावं आम्ही घालत नाही. चित्रं छापली, हेच खूप समजा." तिने तिथे दाताच्या कण्या केल्या, उपयोग झाला नाही. घरी येऊन तिने रंग आणि कुंचले वाटून टाकले.

मी सिस्टरना घेतलं आणि पुस्तकांचं दुकान गाठलं. तिथे त्या पुस्तकाच्या सत्तावीस प्रती मांडलेल्या होत्या. मी आडोसा धरून उभी राहिले आणि सिस्टर आपल्या टपोऱ्या अक्षरात आतल्या पहिल्या पानावर लिहू लागल्या: 'यातली सगळी चित्रं हिने काढली आहेत', आणि खाली नाव. एकोणिसाव्या प्रतीला दुकानदार मागे येऊन उभे राहिले.

"बाई, हे काय चाललंय?"

"दुरुस्ती," मी म्हणाले.

माझी दातखीळ बसायचीच बाकी होती, पण सिस्टरनी पेन खाली न ठेवता सगळी हकिगत सांगितली. दुकानदारांनी ती पूर्ण ऐकली. मग ते मागच्या खोलीत गेले. मला वाटलं, आता पोलीस. ते एक खोका उचलून घेऊन आले.

"ह्या राहिल्यात," ते म्हणाले, आणि स्वतःचं पेन काढून सिस्टरशेजारी बसले.

ज्यांनी ती पुस्तकं नेली त्यांतल्या काहींनी प्रकाशकांना पत्रं लिहून जाब विचारला. दुसऱ्या आवृत्तीत तिचं नाव मुखपृष्ठावर आलं. मी ती प्रत घेऊन पळतच तिच्याकडे गेले. तिने नाव पाहिलं, आभार मानले, पुस्तक कपाटावर ठेवलं. नाव परत आलं होतं, हात परत आला नव्हता.

म्हणून पुढच्या महिन्यात मी भिंतीवर एकच चौकट लावली. रिकामी. खाली तिचं नाव. पेशंट विचारायचे, चित्र चोरीला गेलं का? मी म्हणायचे, यायचंय. दुसरा महिना गेला, तिसरा गेला. सैल कवळीवाले आजोबा तरीही एक तारखेला येऊन रिकाम्या चौकटीसमोर तासभर बसायचे. हे रोज सकाळी ओळंबा धरून ती सरळ आहे ना ते पाहायचे. चौथ्या महिन्यात अक्कलदाढ दात साफ करून घ्यायला आली आणि दारातच थबकली.

"मॅडम, ही थट्टा आहे का?"

"नाही."

"रिकाम्या चौकटीला माझं नाव? काढा ते."

"काढणार नाही. तुझी जागा आहे. तू भरली नाहीस तर ती रिकामी राहील, पण दुसऱ्या कोणाची होणार नाही."

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती चिडली. इतकी चिडली की दात तसेच ठेवून सोफ्यावर जाऊन बसली. बाहेर सहा-सात माणसं होती, सगळी चौकटीकडे बघत. पाऊण तासाने सिस्टर दबक्या आवाजात म्हणाल्या, "मॅडम, माझी पेन्सिल नेलीय तिने."

तिने त्या माणसांना पाठमोरं काढलं होतं. कोणाचाही चेहरा दिसत नाही, नुसत्या माना, खांदे, एक निसटलेला पदर, आजोबांची काठी. सगळे वाट बघताहेत हे पाठीवरून कळतं. यांनी ते चौकटीत बसवलं आणि त्या दिवशी ओळंबा लावायला विसरले. त्यानंतर तिने चित्रं काढणं थांबवलेलं नाही.

ते चित्र तिला परत द्यावं. आजवर मी ते फक्त सांभाळलं.

कलम ६. माझा धाकटा भाऊ फरशांचा व्यापारी आहे. हे गेले त्याच्या पाचव्या दिवशी तो भेटायला आला आणि जाताना पावलांनी प्रतीक्षाखोली मोजू लागला. "ताई, दोन खोल्या नुसत्या रेघोट्यांसाठी अडवून ठेवायच्या? माझी शोरूम छान बसेल इथे." असं त्यानंतर तो सहा वेळा म्हणाला आहे. त्याला मी किडलेल्या दाढेचा तो तक्ता, चांगल्या चौकटीत घालून, प्रेमपूर्वक ठेवत आहे. त्याची खालची डावी दाढ तशीच झाली आहे, हे त्याला कोणीतरी सांगायला हवं. बाकी राग नाही. लहानपणी त्याला मीच कडेवर फिरवलं आहे.

कलम ७. दवाखान्याच्या दोन्ही खोल्या मुलगी, सिस्टर आणि अक्कलदाढ या तिघींच्या नावे एकत्रित राहाव्यात. भिंतीचा महिन्याचा नियम चालू ठेवावा. मुलीशी यावर गेल्या रविवारी बोलणं झालं.

"आई, मी खोल्या विकणार नाही," ती म्हणाली. "पण तुझ्यामागे नवे चित्रकार शोधणार कोण? मला चित्रातलं काही कळत नाही."

"मला तरी कुठे कळत होतं? मी फक्त जिने चढले."

मग पर्स उघडून तिने घडी केलेला एक कागद काढला. तिच्या पुलावरच्या वेल्डरने जेवणाच्या डब्याच्या झाकणावर खिळ्याने कोरलेल्या चित्राचा छाप होता. "हे बरं आहे का गं?" तिने विचारलं. या खोल्यांची काळजी मी त्या क्षणी सोडली.

कलम ८. माझ्यामागे माझा फोटो भिंतीवर लावू नये. ती जागा कोणाच्या तरी चित्राची आहे.

इथे हे मृत्युपत्र संपायचं होतं. पण आज साक्षीदार कमी पडला. ज्याला काही मिळणार त्याने साक्ष घालू नये, असं वकीलसाहेब म्हणाले, म्हणून सिस्टर बाद झाल्या. तेव्हा त्यांनी खाली रस्त्यावर बसणाऱ्या किल्लीवाल्यांना वर बोलावून आणलं. ते हात पुसत आले. मी सही केलेली त्यांनी पाहिली, पण पेन हातात देऊनही ते सही करेनात. भिंतीकडे बघत राहिले.

"डॉक्टरीणबाई, इथे लावायचं तर कोणाला विचारावं लागतं?"

"मला. का?"

त्यांनी खिशातून एक वही काढली. किल्ली होईपर्यंत गिऱ्हाईक समोर उभं असतं, तेव्हा ते त्याचे हात काढतात. नुसते हात. घराबाहेर अडकलेल्या माणसाचे हात, नव्या घराची पहिली किल्ली घ्यायला आलेल्या जोडप्याचे चार हात. अशा अकरा वह्या घरी आहेत, आणि आजवर कोणाला दाखवलेल्या नाहीत. सिस्टर माझ्या खांद्यावरून बघत होत्या. वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला.

साक्षीदाराला मृत्युपत्राने काही देता येत नाही, याची त्यांनी मला आठवण करून दिली. मी विचारलं, भिंतीवरचा एक महिना ही मालमत्ता होते का? बराच विचार करून ते म्हणाले, होत नाही.

तरी नोंद असावी की जून महिन्याची भिंत किल्लीवाल्यांची आहे. चित्रं मी स्वतः लावणार आहे, तेव्हा हे मृत्युपत्र जूनच्या आत कोणी उघडू नये.

स्थळ: दवाखान्याची प्रतीक्षाखोली, खिडकीजवळचा बाक
दिनांक: नऊ एप्रिल, सकाळचे पावणेबारा

लिहून ठेवणारीची सही: (केली, वाचता येत नाही, पण माझीच आहे)

आमच्यासमक्ष सही झाली:
साक्षीदार १: वकीलसाहेब, मधल्या मजल्यावरचे
साक्षीदार २: किल्लीवाले, आणि त्यांच्याच आग्रहावरून पुढे लिहिले आहे: चित्रकार