चार दहाची गाडी

७ जून, सकाळी ११
समुद्रात वादळ आहे. परवा संध्याकाळी किनाऱ्याला लागणार. ताई सकाळपासून त्याला तुफान म्हणताहेत. पत्रकात मी चक्रीवादळ केलं. डोंबिवलीत अठ्ठावीस वर्षं संस्कृत शिकवलं, ते असं उपयोगी पडतं.

मंदाकिनीताईंकडे लागून आज पाच महिने झाले. ठाण्याशेजारच्या दिवा उपनगराच्या नगरसेविका. भाषणं, पत्रकं, शोकसंदेश, टीकेला उत्तरं, सगळं माझ्या हातचं. कार्डावर 'माध्यम सल्लागार' छापलंय. कार्यालयात सगळे सर म्हणतात. शाळेतही म्हणायचे, पण तिथे फळ्याकडे तोंड केलं की हसायचे.

संकल्प : या वेळी टीकेला जागाच ठेवायची नाही. मागच्या पावसाळ्यात मदत गेली होती, तरी लोक ओरडले. कारण जाताना कुणी पाहिली नाही. म्हणून आज बैठकीत सुचवलं, टेम्पो नुसता सोडायचा नाही. ताईंनी हिरवा झेंडा दाखवायचा. हार, नारळ, फोटो. दोन मिनिटांचा कार्यक्रम. ताई म्हणाल्या, सर, तुम्ही इतकी वर्षं शाळेत काय करत होतात?

फार बरं वाटलं.

८ जून
बॅनर लागले. हात जोडलेल्या ताई, खाली 'चोवीस तास मदत कक्ष' आणि मोबाइल नंबर. मदत कक्ष म्हणजे माझ्या टेबलाचा वरचा खण. त्यात तो फोन आहे. ताईंचं फेसबुक-इन्स्टाग्राम बघणारी रचना म्हणाली, सर, तुम्ही तर सहाला घरी जाता, चोवीस तास कोण उचलणार? म्हटलं, अगं, चोवीस तास ही भावना आहे.

टेम्पो भरून तयार. ताडपत्र्या, पाणी, बिस्किटं, दोर, एक घडीचं स्ट्रेचर. चालवणार उत्तम. माणूस चांगला, जरा उतावळा. कपाटात पक्षाचे झेंडे दीडशे. हिरवा एकही नाही.

९ जून, दुपारी ३.३०
वारा सुरू. शटर आपोआप वाजतंय. ताई ठाण्यात मंत्र्यांबरोबर पाहणी दौऱ्यावर, चारपर्यंत पोचतील. टेम्पो हार घालून दारात उभा. झेंड्याचा प्रश्न मी सोडवला. रचनाची हिरवी ओढणी, झाडूच्या काठीला. रचना म्हणाली, सर, ही मला परत हवीय हं, कोरडी.

दुपारी ४.१५
मदत कक्षाचा पहिला फोन. बरोब्बर चार दहाला. बाबुराव म्हणून कुणी, मिठागर चाळ, अगदी खाडीला लागून. आवाज शांत, घाई नाही. बायको भीमाबाई अर्धांगवायूने अंथरुणाला. पाणी उंबऱ्याशी आलंय. शेजारची पोरं म्हणताहेत काकूंना खाटेसकट उचलून शाळेत नेतो, पण बोळ अरुंद, खाट वळेल न वळेल. तुमची गाडी येत असेल तर आम्ही थांबतो. मग विचारलं, गाडी निघाली का?

म्हणालो, निघाली. सामान बांधून दाराशी बसा.

निघाल्यातच जमा होती. इंजिन सुरू होतं. शिवाय धीर देणं हीसुद्धा मदतच. नोंदवहीत क्रमांक १, शेरा : तातडीने कार्यवाही केली. अक्षर सुरेख आलं.

उत्तम आत आला. म्हणाला, सर, आत्ता सुटलो तर मिठागर चाळ गाठतो, पाणी गुडघ्याला आहे. झेंडा उद्या दाखवा की, कोण बघायला बसलंय? म्हटलं, उत्तम, दोन मिनिटं.

सायंकाळी ५.२०
पुन्हा बाबुराव. निघाली का? म्हटलं, रस्त्यात आहे. पोरं आहेत ना शेजारी? म्हणाले, ती गेली, मीच सांगितलं, तुम्ही व्हा पुढे, आपली गाडी येतेय.

समंजस माणूस.

५.५०
फोन वाजत होता. उचलला नाही. आपत्तीत लाइन मोकळी ठेवावी लागते.

६.५५
ताई सहा चाळीसला आल्या. झेंडा दाखवताना ओढणी वाऱ्याने त्यांच्याच तोंडावर गुंडाळली, तीन फोटो वाया. चौथा अप्रतिम. टेम्पो सुटला, नाल्याच्या वळणापर्यंत गेला. तिथे पाणी कमरेच्या वर. परत आला. उत्तमने हार काढून टाकला तेवढा.

१० जून
वादळ गेलं. सकाळी आठलाच पत्रक काढलं : ताईंच्या नियोजनामुळे प्रभागात जीवितहानी नाही. रचना म्हणाली, सर, अजून पंचनामे व्हायचेत. म्हटलं, अगं, पहिला शब्द आपला पाहिजे.

मिठागर चाळीतली दोघं पहाटे अग्निशमनच्या बोटीने निघाली, असं कळलं. टेबलावर टेबल ठेवून त्यावर बाबुराव बायकोला धरून बसले होते. भीमाबाई रुग्णालयात. म्हणजे सुखरूपच.

११ जून
दिव्यातल्या एका यूट्यूब चॅनलने व्हिडिओ टाकला. समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यातला. आमचा टेम्पो हार घालून उभा, कोपऱ्यात घड्याळ. ४.१० पासून ६.४० पर्यंत, पळवत दाखवलाय. खाली पाणी चढतंय, वर हार हलतोय. नाव दिलंय : नवरदेव अजून आले नाहीत.

ताई भडकल्या. खुलासा क्रमांक १ लिहिला. बाराशे शब्द, 'तथापि' सात वेळा. रचना म्हणाली, सर, लोक हे फोनवर वाचतात, अंगठा सुजेल त्यांचा.

मत्सर. दुसरं काही नाही.

१२ जून
भीमाबाई गेल्या.

दाखल्यावर न्यूमोनिया आहे, वादळाचा उल्लेख नाही. त्यामुळे परवाचं पत्रक तसं चुकीचं ठरत नाही. शोकसंदेश लिहिला. चांगला उतरलाय. दोनदा वाचला. मग उठून पंखा बंद केला. मग सुरू केला.

१५ जून, दुपारी ४.१२
खणातला फोन वाजला. चार दहाला. बाबुराव. सांत्वनाची वाक्यं मनात तयार होती, पहिलं सुरू केलं. त्यांनी ते पूर्ण होऊ दिलं. मग विचारलं, सर, ती गाडी निघाली होती का?

मी म्हटलं, कोणती गाडी?

मग म्हणाले, बरं. ठेवला.

दुःखात माणसाला भ्रम होतो. सहानुभूती वाटली.

१६ जून
चार दहा. तोच प्रश्न, तोच आवाज. चिडत नाहीत, रडत नाहीत. रेशनच्या दुकानात साखर आली का विचारावं तसं विचारतात. म्हटलं, माहिती घेऊन कळवतो. बरं, म्हणाले.

१७ जून
पुन्हा. यामागे विरोधी गट असावा. ताईंना बोललो. ताई म्हणाल्या, एवढं वेळेवर काही करणारे लोक त्यांच्याकडे असते तर ते निवडून आले असते.

१९ जून
खुलासा क्रमांक २ (पाण्याचा वेग). खुलासा क्रमांक ३ (प्रस्थानाच्या मंगलविधीची प्राचीन परंपरा, रथापासून टेम्पोपर्यंत). तिसऱ्याखाली एकाने लिहिलं, शास्त्रीबुवा, पुढच्या वेळी मंत्र नको, होडी पाठवा. दोन हजार जणांना आवडलं. त्यात माझे तीन माजी विद्यार्थी. एक तर वर्गात दुसरा यायचा.

संकल्प : उद्यापासून खणातला फोन बंद.

२० जून
बंद केला. चार वाजल्यापासून खणाकडे बघत बसलो. रचनाने विचारलं, सर, काही हरवलंय का? चार दहा झाले. काही वाजलं नाही, आणि ते वाजण्यापेक्षा मोठ्याने ऐकू येत होतं. चार अकराला फोन सुरू केला. हातातच वाजला.

माहिती घेतोय, म्हणालो.

२१ जून
रविवार असून कार्यालयात आलो. काल रात्री घरी कुकरची शिट्टी झाली तेव्हा मी 'हॅलो' म्हणालो, असं बायको म्हणत होती. तिला गंमत वाटली.

उत्तम टेम्पो धुवायला आला होता. म्हणाला, सर, एकदा खरं काय ते सांगून टाका ना. म्हातारा माणूस रोज फोन लावतोय. म्हटलं, उत्तम, शब्द जपून वापरावे लागतात. म्हणाला, त्या दिवशी एकच वापरलात, तो तरी जपायचा.

अशिक्षित माणसाला एकदम सुचतं कधीकधी.

२३ जून
संकल्प, आणि हा शेवटचा : उद्या स्वतः मिठागर चाळीत जाणार. समोर बसून सत्य सांगणार. ताईंना विचारणार नाही. मसुदा केला. तीन पानं झाली. पहिल्या पानावर प्रस्तावना, तिसऱ्यावर समारोप. सत्य दुसऱ्या पानावर, मधोमध. ते दोनदा खोडलं, पुन्हा लिहिलं.

आज फोनवर म्हणालो, उद्या येतो. त्यांनी पत्ता नीट सांगितला. चाळीच्या तोंडाशी खाट वाळत घातलीय, तेच घर.

२४ जून, सायंकाळी ६
गेलो.

खाट होती. घरात भिंतीवर छातीच्या उंचीला पाण्याची मातकट रेघ. रेघेच्या वर बुद्धाची तसबीर, शेजारी भीमाबाईंचा फोटो. बाबुराव सडसडीत, इस्त्रीचा शर्ट, साधा बटणांचा फोन खिशात. डोंबिवलीच्या एका केमिकल कंपनीत बॉयलरवर होते. जयभीम म्हणाले, खुर्ची पुसून दिली. चहा स्वतः केला. मी प्रस्तावना आठवत होतो.

तेच बोलले. म्हणाले, तिची वाचा गेली होती सर, पण उजवा हात चालायचा. मधूनमधून बोटाने दाराकडे दाखवायची. म्हणजे, आली का. मी सांगायचो, निघालीय. टेबलाला पाणी लागलं, तरी सांगितलं. सकाळपर्यंत सांगत होतो. कंपनीत स्फोट झाला होता, तेव्हा घरी आल्यावर हिने विचारलं, परत जाणार का त्याच कामावर. जाणार, म्हटलं. खोटं नाही बोललो. चाळीस वर्षांत एकदाही नाही. आता ही पोरं म्हणतात, काका, गाडी निघालीच नव्हती, तुम्ही उगाच काकूंना थांबवलंत. मी ते व्हिडिओ वगैरे बघत नाही. दुसऱ्यांचं कशाला? फोनवर तुम्ही होता. तुम्ही सांगा. मी तिला खोटं सांगितलं का?

मसुदा खिशात होता. तिन्ही पानं.

नाही, म्हणालो. निघाली होती. चार दहालाच. वाटेत पाणी लागलं.

त्यांनी माझा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, लिहून देता?

ताईंचं लेटरहेड नेहमी माझ्या पिशवीत असतं. लिहून दिलं : 'दि. ९ जून रोजी आपल्या मदतीसाठी गाडी दुपारी ४.१० वाजता निघाली होती.' एक ओळ, सही, शिक्का. आयुष्यात इतकं थोडक्यात कधी लिहिलं नव्हतं. बाबुरावांनी चष्मा लावून ती मनात वाचली. मग उठले आणि फोटोसमोर उभं राहून मोठ्याने वाचली.

ही करुणाच. रिक्षात बसल्यावर हे वाक्य पुनःपुन्हा म्हणत होतो. रिक्षावाला म्हणाला, साहेब, काय बोललात?

२७ जून
बाबुरावांनी कागद लॅमिनेट करून फोटोखाली लावला. कुणा शेजाऱ्याने त्याचा फोटो काढून दिव्याच्या ग्रुपवर टाकला. तिथून रचनाने घेतला आणि ताईंच्या पेजवर चढवला : 'सत्य त्यांच्याच भिंतीवर.' घरच्यांनीच लावलंय म्हटल्यावर लोकांना आता त्या व्हिडिओतलं घड्याळ खोटं वाटायला लागलंय. चॅनलवाल्याला इतक्या शिव्या पडल्या की त्याने संध्याकाळी व्हिडिओ काढून टाकला.

ताईंनी पेढे वाटले. म्हणाल्या, सर, तुमचे तीन खुलासे पाण्यात गेले, पण हा एका ओळीचा काय लागू पडला! म्हटलं, तो खुलासा नव्हता. ताई म्हणाल्या, तेच तर!

उत्तमने पेढा घेतला नाही. टेम्पोची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाला, सर, मला पण एक लिहून द्या ना, मी निघालो होतो म्हणून. घरी लावीन.

मी पेन उघडलं, खरंच. तोवर तो गेला होता.

२८ जून
चार दहाला फोन वाजला नाही. शंका फिटली त्यांची. चांगलंच झालं.

३० जून
वाजला नाही. तीन पन्नासपासून पंखा बंद ठेवतो, ऐकू नीट यावं म्हणून. रचना म्हणाली, सर, हा नंबर बंद करतेय, नव्या बॅनरवर नवा घेतलाय. म्हटलं, राहू दे थोडे दिवस. कुणाचं काही अडलेलं असायचं. ओढणी परत मागितली तिने. झाडूला तशीच होती. धुऊन आणतो म्हटलं, तर म्हणाली, नको सर, राहू दे आता.

१ जुलै, दुपारी ४.१०
वाजला नाही. खण उघडला, फोन काढला, कानाला लावला. पलीकडे कुणीही नव्हतं.

निघाली, म्हणालो.