कुकरची अर्धी शिट्टी

विकास नगर, लखनऊ
२ एप्रिल २०२५

चि. बुद्धभूषण यास,

आजीचा जय भीम. इथे आम्ही सगळे बरे आहोत. तूही तिकडे पुण्यात बराच असशील, कारण फोन फक्त काम असलं की येतो. माझे गुडघे कुरकुरतात आणि तुझा बाप कुरकुरतो, मला दोन्हींची सवय आहे. रुचिराची परीक्षा संपली. कूलर अजून माळ्यावरच आहे. तुझा बाप रोज म्हणतो, "संडे को उतारेंगे."

मी बोलते आहे आणि तुझी आई लिहिते आहे. ऑफिसातून आली, चहा प्यायली आणि बसली बिचारी सासूपुढे. माझं 'काऊन' ती 'का' करून लिहिते, ते तू वाचताना परत 'काऊन' करून घे. फोन नाही केला, कारण फोनवर तू "हाँ आजी, हाँ आजी" म्हणत दुसरंच काही बडवत बसतोस. आणि आणखी एक कारण आहे. कागद कापला की भोक दिसतं.

तू आईला विचारलंस, चौदा तारखेच्या जयंतीला रेकॉर्डिंग करायला येतो आहे, आजीला कोणता माईक देऊ? त्याचं उत्तर द्यायला हे पत्र.

जानेवारीत आलास तेव्हा तीन माईक टेबलावर मांडलेस, सोयरिकीला आलेल्यांपुढे मिठाई मांडावी तसे. पहिला चिमट्याचा, पदराला लावायचा. पदर हलला की त्याची खरखर. मी काय पुतळ्यासारखी बसून गाऊ? दुसरा हातातला, जाळीच्या डोक्याचा. तो माझ्या ओळखीचा. पुलगावच्या चौकापासून इथल्या महानगरच्या हॉलपर्यंत तोच ओठाला लावत आले. मी हात पुढे केला, तर तू तो मागे ओढलास. म्हणालास, "आजी, वो स्टेज के लिए है. भीड़ में ठीक है. पॉडकास्ट में ये चलेगा." आणि तिसरा काढलास. जाडजूड, रबराच्या दोऱ्यांच्या झोळीत टांगलेला, पुढे काळ्या कापडाची चाळणी. एवढ्या मायेनं तुला कुणी पाळण्यात घातलं नव्हतं. "इसमें साँस तक सुनाई देती है," म्हणालास.

मग त्या लाडोबासाठी सगळं घर मुकं. पंखा बंद, फ्रिजची पिन काढलेली, भिंतीवरचं घड्याळ गादीखाली, खिडकीला माझ्या गोधड्या. गल्लीतल्या सब्जीवाल्या भैयालाही तू खाली जाऊन दम देऊन आलास. तो अजून मला विचारतो, "अम्मा, आज आवाज़ लगा सकते हैं?"

एवढं करून तू स्वयंपाकघरातला कुकर विसरलास.

मागच्या आठवड्यात रुचिरानं तुझा कार्यक्रम फोनवर लावला. नाव मोठं छान ठेवलं आहेस: 'शाहीर दयाराम यांची गाणी, त्यांच्या नातवाकडून'. आवाज स्वच्छ आला आहे, ते मान्य. मी गायलेही बरी. या वयात दम लागतो तोही ऐकू येतो, त्याचे पैसे तू वेगळे घेतले नाहीस. शाईचं गाणं संपतं, कुकरची शिट्टी सुरू होते आणि अर्ध्यातच तुटते. लगेच तुझा आवाज: "ये गीत मेरे दादाजी की क़लम से."

पोरा, कुकरची शिट्टी आपल्या मनानं अर्ध्यात थांबत नाही. त्या दिवशी ती पूर्ण वाजली. मी तिथेच बसले होते, आणि ती वाजत होती तेव्हा मी बोलत होते.

स्टेजवर माईकपासून तोंड फिरवलं की आपलं बोलणं आपल्या घरचं. कोरसमधल्या बाईला "सूर धर" म्हणावं, नाहीतर "अध्यक्ष झोपला बघ" म्हणावं, लोकांना काही कळत नाही. त्याच सवयीनं मी तोंड फिरवलं आणि चहा घेऊन आलेल्या तुझ्या आईशी बोलले. तुझा लाडोबा आतल्या खोलीतला कुकर ऐकतो, तर हातभर अंतरावरची म्हातारी त्याला ऐकू आली नसेल? तुझ्या कानावर ती मोठी झाकणं होती. तू एकदम मान खाली घातलीस. मला वाटलं, तुझी तार बिघडली.

रुचिरानं तुला विचारलं, "भैया, आजी ने कुछ बोला था न वहाँ?" तू काय म्हणालास, तेही मला ठाऊक आहे.

"आजी तो मज़ाक करती रहती हैं."

इथे तुझी आई लिहायची थांबली आहे. म्हणते, "आई, हे राहू द्या ना, तो मनाला लावून घेईल." मी म्हटलं, विभा, लिही. त्यानं मनाला लावून घ्यावं म्हणूनच बोलते आहे. सगळा जन्म मी गमती केल्या. तुमच्या घरात बाईला रागानं बोलायची सोय नव्हती, म्हणून हसून बोलायला शिकले. त्याची शिक्षा ही, की खरं बोलले तरी तुम्ही हसून कात्री लावता.

तर ऐक. काय बोलले होते ते तुझ्या आईला आठवतं, तुला आठवतं आणि मला तर आठवतंच. तरी परत सांगते. ते गाणं मी बांधलं आहे. तेच नाही, तू वाजवलेली सगळीच. तुझी आत्या पहिल्यांदा शाळेतून आली आणि शाईचे हात माझ्या पदराला पुसले, त्या संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता बांधलं:

लेक आली शाळेमधून, पदरा पुसली शाई,
डाग कधी हा धुणार नाही, सांगे गयाबाई.

मला लिहिता येत नव्हतं. तुझ्या आबांना येत होतं. रात्री जेवताना मी म्हणून दाखवलं, जयंतीला त्यांनी स्टेजवर गायलं. मी मागे कोरसमध्ये टाळ्या वाजवत बसलेली. आपल्याकडे बांधणाऱ्याचं नाव शेवटच्या ओळीत येतं. आलं. 'सांगे दयाराम'. लोकांनी टाळ्यांचा पाऊस पाडला. शाईला दयाराम कुठे जुळतो, हे एकाही शहाण्याला खटकलं नाही. आणि अंगावर धोतर असलेल्या माणसाला पदर कुठून आला, हेही कुणी विचारलं नाही.

घरी येऊन मी विचारलं, "हे काय केलंत?" तर म्हणाले, "बाईचं नाव ऐकलं की लोक गाणं ऐकत नाहीत, बाईच बघतात. नवरा-बायकोत काय तुझं न माझं?" माझं ते आमचं झालं आणि आमचं ते त्यांचं झालं. त्यांच्या हयातीत मी भांडले. एकदा पुलगावात भरल्या मंडपात गायला नकार दिला, तर तेच म्हणाले, "हिचा घसा बसला आहे." गेल्यावर मी गप्प राहिले. मेलेल्या माणसाशी भांडायला तोंड कोणतं? पण तू जिवंत आहेस. त्यांनी माझं नाव काढलं तेव्हा त्यांच्याकडे निदान सबब तरी होती. तू हेडफोन लावून, साँस तक ऐकून, समजून काढलंस.

आता माईकचं. तो पाळण्यातला आणू नकोस. चिमट्याचाही नको. हातातला आण, जाळीचा, भीड़वाला. तो बाकी कुणाचं ऐकत नाही, ओठाला लावून बोललेलं तेवढं मात्र नीट ऐकतो. मला दुसरं काही नको. चौदा तारखेला शाईचं गाणं मीच गाणार आणि शेवटच्या ओळीत माझं नाव घेणार. या वेळी तोंड फिरवणार नाही. शेवटचा सूर लांबवायची ती चाल आहे. दयाराम म्हटलं की 'म'वर ओठ मिटतात, सूर तिथेच मरतो. मी किती वर्षं तो मेलेला सूर गायले, ते तुझ्या मशीनवर परत ऐक.

हॉलमध्ये आपले सगळे लोक असतील. समोर बसून तू रेकॉर्ड कर, नाहीतर करू नकोस. कापायचं असेल तर काप. तुझ्या कार्यक्रमात तू काय ठेवतोस, त्यावरून मी ठरवीन की या घरात तुझ्यासाठी भाकरी मी थापायची, की तू हज़रतगंजला हॉटेलात जेवायचं. ही गंमत नाही.

तुझी आई विचारते, शेवटी काय लिहू? दर वेळी 'तुझी आजी' लिहिते. म्हटलं, आज ते नको.

गयाबाई

एकदा मोठ्यानं म्हणून बघ. तोंड उघडंच राहतं.